ट्रायल चांगली झाली, पण पॅच टेस्ट केली का?

"ताई, कपाळाला आग व्हायली, डोळेच उघडंनात." हळदीच्या दिवशी सकाळी साडेसहाला आलेला हा फोन मी आजही विसरलेले नाही.

मी परभणी जिल्ह्यातल्या सेलूत पार्लर चालवते. मुलगी पाथरीकडच्या एका गावातली. एप्रिलमध्ये तिची ट्रायल, म्हणजे लग्नाच्या मेकअपची रंगीत तालीम, घेतली होती, दोन-अडीच तास मन लावून. मेकअप छान बसला, खोपा छान बसला, आईने लेकीची दृष्ट काढत कानशिलावर बोटं मोडली. निघताना मीच म्हणाले होते, "ट्रायल झाली, आता कशाचंच टेन्शन घेऊ नका." पुढे हळदीच्या दोन दिवस आधी तिचे केस रंगवले, आणि हळदीच्या सकाळी कपाळ, कान, पापण्या सगळं सुजून आलं. त्वचेच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, की हिने आधी कधी काळी मेंदी लावली होती का? लावली होती. फेब्रुवारीत, साखरपुड्याला, बाजारातला दहा मिनिटांत रंगणारा कोन आणून. तेव्हा तीन-चार दिवसांनी मनगटाला थोडी खाज सुटली होती. डास चावले असतील म्हणून घरच्यांनी सोडून दिलं. शेवटी हळदीला सवाष्णींनी तिला हळद लावली ती फक्त पायांना.

चूक माझी होती. ट्रायल आणि पॅच टेस्ट या दोन गोष्टी मी एकच धरून चालले होते. तेव्हापासून पाहते आहे, नवरी, तिची आई, मावशी, वहिनी, एवढंच काय पार्लरमधल्या मुलीसुद्धा हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरतात. "ट्रायल झाली ना, मग टेस्ट कशाला?" हे वाक्य लग्नसराईत आठवड्यातून एकदा तरी कानावर येतं.

ट्रायलमध्ये आपण पाहतो की नवरी दिसते कशी आणि ते दिसणं टिकतं किती वेळ. ते दोन-चार तासांत किंवा फार तर दिवसभरात कळतं. पॅच टेस्टमध्ये आपण पाहतो की एखादी वस्तू तिच्या कातडीला चालते की नाही. ती काही देखणी गोष्ट नाही. कानामागे थेंबभर लावायचं आणि वाट पाहायची. उत्तर यायला किमान 48 तास लागतात, कधी त्याहून जास्त. मुलगी ट्रायलला चार वाजता येते, सात वाजता तोंड धुऊन गावाकडची शेवटची एसटी पकडते. एवढ्या वेळात कातडीने काय उत्तर द्यावं?

त्यातही त्रास दोन तऱ्हेचा असतो. ब्लीच लावलं आणि पाच मिनिटांत चुरचुरलं, ही जळजळ लगेच कळते, ट्रायलच्या खुर्चीतच कळते. खरी ॲलर्जी मात्र सावकाश येते. शरीराला एखादं रसायन पहिल्यांदा भेटतं तेव्हा बहुतेकदा वरून काहीच दिसत नाही. आतमध्ये शरीर त्या रसायनाची ओळख करून ठेवत असतं आणि त्याला साधारण 10 ते 14 दिवस लागतात. त्यानंतर तीच वस्तू पुन्हा लागली, की एक ते तीन दिवसांत खाज, लाली, पुरळ, सूज. आता नवरीचं वेळापत्रक याच्याशी जुळवून पाहा. ट्रायलला वस्तू पहिल्यांदा लागली, काही झालं नाही. तीन आठवड्यांनी हळदीला किंवा लग्नाला तीच दुसऱ्यांदा लागली. म्हणजे "ट्रायलला तर काईच झालं नव्हतं" हे अगदी खरं असतं, आणि त्याच भरवशावर फसगत होते.

मेंदीपासूनच सुरू करू, कारण त्या मुलीचं दुखणं तिथूनच सुरू झालं. मेंदीच्या पाल्याचा रंग मुळात नारिंगी. पहिल्या दिवशी फिका वाटतो आणि एक-दोन दिवसांत गडद होत लालसर तपकिरी होतो. खरी मेंदी काही मिनिटांत काळी पडत नाही. काळ्या कोनात बहुधा पॅराफिनिलिनडायअमिन असतं, ज्याला सगळे पीपीडी म्हणतात, आणि नेमकं हेच रसायन केसांच्या गडद रंगातही असतं. केसांच्या रंगात किती घालावं याला मर्यादा आहे. हातावर चितारायच्या काळ्या मेंदीत ते कितीही असू शकतं. म्हणून साखरपुड्याचा कोन आणि लग्नाआधीचा हेअर कलर या कातडीच्या लेखी दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. साखरपुड्याला एखादीने काळी मेंदी लावली असेल, तर आता मी केस रंगवायला सरळ नाही म्हणते आणि आधी डॉक्टरांना दाखवायला सांगते. मेंदी घरी भिजवावी किंवा ताजा कोन घ्यावा. महिनोन् महिने दुकानाच्या फळीवर उन्हात पडूनही जो कोन बिघडत नाही, त्यात पाल्याशिवाय बरंच काही असतं. मेंदीचा कार्यक्रम लग्नाच्या दोन दिवस आधी ठेवला, की अक्षता पडताना रंग भरात असतो.

एवढं सगळं सांगितलं म्हणून ट्रायल कमी महत्त्वाची असं कुणी समजू नये. मी ट्रायलवर आजही तेवढाच जीव लावते, फक्त ती नीट घ्यावी लागते. आपल्याकडे बऱ्याच जणी म्हणतात की साखरपुड्याचा मेकअप चांगला झाला होता, तीच ट्रायल धरा. साखरपुडा डिसेंबरात झालेला असतो. तेव्हा परभणीच्या थंडीत ओठ फुटलेले, गाल कोरडे. लग्न मे महिन्यातलं, पारा चाळिशीच्या पुढे, आणि कार्यालयात चार कूलर. मराठवाड्यातला उन्हाळा कोरडा असतो, घाम आला तरी वाळून जातो, असं म्हणत आपण निश्चिंत होतो. पण कूलरपुढे बसलेल्या नवरीच्या अंगावर दमट वारा येत असतो आणि पाचशे माणसांच्या गर्दीत तो घाम वाळत नाही. हिवाळ्यातल्या त्वचेवर बसलेलं फाउंडेशन इथे टिकेल असं सांगताच येत नाही. ट्रायल त्याच ऋतूत घ्यावी, जमलं तर मुहूर्ताच्याच वेळेला, आणि मेकअप तसाच ठेवून सहा-सात तास घरात वावरावं. एक फोटो उन्हात, एक सावलीत, एक फ्लॅश मारून. काही सनस्क्रीन आणि पांढऱ्या पावडरी फ्लॅशमध्ये चेहऱ्यावर राखेसारख्या उमटतात, आरशात ते दिसत नाही.

हळदीच्या मंडपाचं कापडही ट्रायलमध्ये कुणी धरत नाही. पिवळ्या पडद्यातून गाळून आलेलं ऊन सगळ्यांनाच पिवळं करतं. हळदीला मी फाउंडेशन जवळजवळ वापरतच नाही. काजळ, पाण्याला टिकणारा मस्कारा, ओठांना गडद गुलाबी, आणि केस घट्ट वेणीत. चेहऱ्यावर नाहीतरी हळदच बसणार आहे.

आणि ती हळद लगेच जात नाही. ट्रायल होते कोऱ्या चेहऱ्यावर, लग्नाचा मेकअप होतो हळद लागलेल्या चेहऱ्यावर. हळदीतला पिवळा रंग, म्हणजे कुर्क्युमिन, पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. नवरी बिचारी साबणाने घासत बसते आणि रंग उलट तांबूस दिसायला लागतो, कारण साबणासारख्या क्षारी वस्तूने हळद लालसर होते. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणावर. आधी खोबरेल किंवा तिळाचं तेल, मऊ कापडाने पुसणं, मग बेसन. तरीही थोडी पिवळी झाक राहते आणि ट्रायलला ठरवलेली शेड त्यावर चुकीची दिसते. म्हणून मी मुलींना सांगते, ट्रायलच्या आदल्या दिवशी घरची थोडी हळद तोंडाला लावून या. झाक किती राहते ते मला दिसतं, पिवळेपणा मारणारा जांभळट करेक्टर किती लागेल ते ठरवता येतं.

केसांचं म्हणाल तर पाणी पाहा. आमच्याकडे बोअरचं पाणी जड, क्षारांचं; शॅम्पूला फेस येत नाही आणि केस राठ होतात. शहरातल्या पार्लरमध्ये तिथल्या पाण्याने धुतलेल्या केसांवर जो खोपा गुळगुळीत बसतो, तो गावातल्या न्हाणीघरात धुतलेल्या केसांवर बसेलच असं नाही. ट्रायलला घरूनच केस धुऊन या, म्हणजे जसं आहे तसं समोर येतं. मोगऱ्याचा गजरा तेव्हाच माळून पाहावा, चार पदरी गजऱ्याचं ओझं तासाभराने मानेला कळतं.

आता पॅच टेस्टची रीत. केसांच्या रंगासाठी पाकिटावर जे लिहिलंय तेच करायचं. बहुतेक पाकिटांवर रंगवण्याच्या 48 तास आधी टेस्ट करा असंच छापलेलं असतं आणि दर वेळी करा असं म्हटलेलं असतं. मागच्या वर्षी चाललं म्हणून यंदा चालेल याची हमी नाही. फाउंडेशन, प्रायमर, क्रीम अशा अंगावर राहणाऱ्या वस्तू कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेत रोज दोनदा, सात ते दहा दिवस लावून पाहाव्यात. खोट्या पापण्यांच्या गमाचा ठिपका डोळ्याजवळ नको, कानामागे. जिथे खाज, लाली, बारीक पुरळ किंवा पाणी भरलेले फोड आले, ती वस्तू धुऊन टाकायची आणि यादीतून काढायची. त्यावर टूथपेस्ट, लिंबू, आणखी हळद असले उपाय करू नयेत. डोळे-ओठ सुजले किंवा श्वास जड झाला तर पार्लरला फोन करत बसू नका, थेट दवाखाना गाठा. ज्यांना आधी कधी जोराची ॲलर्जी झाली आहे त्यांनी घरी प्रयोगच करू नयेत. डॉक्टर पाठीवर पट्ट्या लावून जी पॅच टेस्ट करतात ती वेगळी आणि जास्त भरवशाची. त्या पट्ट्या 48 तास ठेवतात आणि काढल्यावरही पुन्हा एक-दोन दिवसांनी पाहतात.

खेड्यातून दोनदा यायचं कसं, हा खरा अडथळा आहे. मी आता बाजाराच्या दिवशी बोलावते. पोरगी आईबरोबर बाजाराला येतेच. येता येता पाच मिनिटं थांबायचं, मी कानामागे रंग लावते, क्रीमच्या वस्तू छोट्या डब्यांत नावं लिहून देते. दोन दिवसांनी व्हॉट्सॲपवर फोटो मागवते. याचे मी पैसे घेत नाही, कारण पैसे लावले की ते पहिलं कापलं जातं.

10 मेचं लग्न असेल तर एप्रिल उजाडायच्या आत वस्तू ठरवून कोपरावर लावायला सुरुवात व्हावी. ट्रायल एप्रिलच्या मध्याला, तोवर टेस्टमध्ये पास झालेल्या वस्तूंनीच. केस रंगवायचेच असतील तर एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, हळदीच्या तोंडावर अजिबात नाही. काही उठलंच तर उतरायला आठ-दहा दिवस हाताशी हवेत. वॅक्सिंग आणि थ्रेडिंग हळदीच्या दोन-तीन दिवस आधी, कारण नुकत्याच वॅक्स केलेल्या कातडीवर हळद झोंबते. हळदीत लिंबू पिळायची हौस असते, ती उन्हाळ्यात तरी टाळाच. लिंबाचा रस अंगावर असताना ऊन लागलं की एक-दोन दिवसांनी, म्हणजे नेमकं लग्नादिवशी, तिथे भाजल्यासारखी लाली आणि फोड येऊ शकतात आणि मागे काळे डाग राहतात.

पॅच टेस्टलाही सगळं पकडता येतं असं नाही. चिकट टिकलीच्या गमात पॅरा-टर्शरी-ब्युटिल-फिनॉल असलं तर महिनोन् महिने एकाच जागी लावून तिथे पांढरा डाग पडू शकतो. ते दोन दिवसांत दिसणारं नव्हे. नवरीच्या कपाळावर टिकलीखाली फिकट गोल दिसला तर मी तिथे मेकअप करून झाकते, पण तिला डॉक्टरकडे जायला सांगितल्याशिवाय सोडत नाही.

राहिली हळद स्वतः. वसमतची हळद आपल्या घरची, तिला भौगोलिक मानांकनही आहे, पण सुट्या पुडीत काय मिसळलंय ते डोळ्यांना कळत नाही. मेटॅनिल यलो आणि शिशाचं क्रोमेट या पिवळ्या रंगांची भेसळ हळदीत सापडलेली आहे. अख्खं हळकुंड आणून दळलेलं बरं. शिवाय आपल्यात नवरीला लागते ती उष्टी हळद, म्हणजे नवरदेवाला लावून तिकडून आलेली. तुम्ही घरची हळद कितीही तपासा, अंगाला लागणार ती व्याह्यांची. हे मला त्या मुलीच्या प्रसंगानंतर सुचलं. आता बुकिंग घेतानाच मी आईला सांगते, विहीणबाईंकडून मूठभर हळद आधी मागवून घ्या. आयांना संकोच वाटतो, मानापानाचं होईल असं वाटतं. यंदा मानवतच्या एका आईने तरीही धीर करून फोन लावला, लेकीची कातडी नाजूक आहे म्हणून खरं ते सांगितलं. चौथ्या दिवशी तिकडून माणूस आला. मूठभर पूड नव्हती. किलोभर हळकुंडं होती, आणि निरोप होता की तुमच्याच जात्यावर दळा, निम्मी आम्हाला पाठवा, दोघांनाही तीच लावू.