येऊरचं जंगल ‘सरकारी, म्हणजे आपलंच’?

पावसाळा लागला की ठाण्यातल्या ग्रुपांवर हे हमखास फिरतं: ‘येऊरचं जंगल सरकारी आहे, नागरिकाला कुठेही फिरायचा हक्क आहे, गार्डने अडवलं तर व्हिडिओ काढा.’

तसा हक्क नाही. येऊर हा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा ठाण्याकडचा भाग. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 चं कलम 27 अभयारण्यांना लागू आहे, आणि कलम 35 ने ते राष्ट्रीय उद्यानांनाही लागू होतं. तिथे प्रवेशाला परवाना लागतो. सूट मोजक्यांना: कामावरचे सरकारी नोकर, आत ज्यांची जमीन-घरं आहेत ते आणि त्यांच्यावर अवलंबून असलेले, सार्वजनिक हमरस्त्याने नुसते पुढे जाणारे. म्हणून येऊरच्या पायथ्याच्या उपवन तलावावरून घाट चढून पाड्यावर घरी जाणाऱ्या वारली बाईची गोष्ट वेगळी. आणि तिच्या मागोमाग पायवाटेने ओढ्यात उतरणाऱ्या, खांद्यावर ब्लूटूथ स्पीकर घेतलेल्या आपल्या टोळक्याची वेगळी. (स्पीकरवर तर स्वतंत्र लेख होईल.) उद्यानाबाहेरच्या राखीव वनातही मोकळीक नाहीच, 1927 च्या भारतीय वन कायद्यात तिथली घुसखोरी गुन्हा आहे.

‘स्कॉटलंडमध्ये कुठेही फिरलेलं चालतं की!’ चालतं, कारण तिथे 2003 साली त्यासाठी वेगळा कायदा केला. त्यातही गाडी घालायची मुभा नाही. आपल्याकडे तसा कायदाच नाही.

याचा अर्थ जंगल बंद असाही नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याच्याच कलम 28 नुसार पर्यटन, छायाचित्रण, अभ्यास यांसाठी परवाना मिळू शकतो. नाक्यावर हुज्जत घालण्याआधी तो मागून बघा.