पार्श्वभूमी : पितळी वाद्याचा आकार आणि ‘सुरात’ या शब्दाचा गुंता

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास धुळे-जळगावकडे वरातीपुढे वाजणारा ट्रम्पेट बहुधा मेरठहून आलेला असतो. तिथल्या जली कोठी भागात पितळेचा पत्रा साच्यावर ठोकून त्याचा भोंगा घडवतात. आतली पोकळी कुठे किती फुगवायची, हे साचा आणि कारागिराचा हात ठरवतात. हेच काम संगणकाकडे देण्याचे प्रयत्न गेली काही दशके युरोपात चालू आहेत.

गणित त्याहून जुने. कर्ण्यातल्या ध्वनिलहरींचे समीकरण अठराव्या शतकातच मांडले गेले होते. 1919 मध्ये फोनोग्राफच्या निमित्ताने ते समीकरण पुन्हा पुढे आले. मधे 1814 ते 1818च्या दरम्यान व्हॉल्व्ह, म्हणजे हवा जास्तीच्या जोडनळीतून वळवणाऱ्या बोटांच्या कळा, आले आणि सोबत कायमची अडचण आली. व्हॉल्व्हच्या जोडनळ्या अनुक्रमे नेमक्या एक, अर्ध्या आणि दीड स्वरासाठी कापल्या, तर पहिला आणि तिसरा एकत्र दाबल्यावर दीड मीटरच्या ट्रम्पेटमध्ये सुमारे साडेतीन सेंटीमीटर नळी कमी पडते आणि स्वर चढतो. ती तूट आतल्या आकाराने भरून निघत नाही. म्हणूनच तिसऱ्या व्हॉल्व्हच्या सरकत्या नळीला बोटासाठी कडी असते.

खरी गती आली ती 1960-70च्या दशकांत, वाद्याच्या तोंडाशी इम्पीडन्स, म्हणजे हवेचा दाब आणि प्रवाह यांचे गुणोत्तर, मोजता येऊ लागल्यावर. कोणत्या कंपनसंख्येला आतली हवा किती जोराने साथ देते, याचा आलेख मिळाला; त्यातली शिखरे म्हणजे वाद्याचे अनुनाद. पुढे नळीचे बारीक तुकडे कल्पून प्रत्येकाची सारणी (आकड्यांची चौकट, मॅट्रिक्स) मांडायची आणि सगळ्यांचा गुणाकार करायचा, ही रीत रुळली. 1980च्या दशकात मोजलेले आणि गणलेले आलेख बऱ्यापैकी जुळू लागले. मग उलटा प्रश्न आला : हवा तसा आलेख देणारी नळी संगणकच शोधेल का?

शोधेल, पण ‘हवा तसा’ म्हणजे कसा, हे आधी सांगावे लागते. सगळा वाद इथे आहे. पहिल्या प्रयत्नांत सोपे उत्तर घेतले गेले : शिखरे एका मूळ स्वराच्या कंपनसंख्येच्या 2, 3, 4, 5 अशा पटीत नेमकी बसली की वाद्य सुरात. पण वादकाचे ओठ एकाच शिखराला धरून राहत नाहीत. वाजणारा स्वर वरच्या शिखरांच्याही आधाराने टिकतो. ट्रम्पेटचे सर्वांत खालचे शिखर तर या पटींच्या मूळ स्वरापासून बरेच घसरलेले असते, तरीही कसलेला वादक तो मूळ स्वर काढतो, कारण त्याला आधार वरच्या शिखरांचा असतो. म्हणजे आलेखात जे शिखर चुकलेले दिसते, ते कानाला चुकलेले लागेलच असे नाही. शिखरे मोजायला सोपी, म्हणून उद्दिष्ट तेच ठेवले गेले. माझ्या मते या निवडीला फार काळ फार वजन मिळाले. पुढे ओठांसकट पूर्ण स्वराचे अनुकरण करून उद्दिष्ट ठरवण्याकडे कल वळला, तो योग्यच होता. त्यात वेळ जास्त जातो आणि ओठांचे आकडेही गृहीत धरावे लागतात, ही त्याची किंमत.

दुसरी अडचण कारागिराला लगेच कळेल. मोकळे सोडले तर संगणक लाटालाटांची नळी सुचवतो, गणितात चोख पण घडवायला अशक्य. म्हणून गुळगुळीतपणाची अट घालतात, किंवा मुखनळीसारख्या (ओठांकडच्या पहिल्या नळीसारख्या) छोट्या भागापुरतेच फेरफार करू देतात. तिथे मिलिमीटरचा अंशही स्वर हलवतो.

या गणितात हवेचे तापमानही भरावे लागते, कारण ध्वनीचा वेग त्यावर ठरतो. थंड देशातल्या खोलीत श्वासाने मुखनळी कोमट होते आणि भोंग्याकडे हवा थंड होत जाते. मे महिन्यातल्या जळगावच्या दुपारी, पारा 42च्या पुढे असताना, वादकाचा श्वासच बाहेरच्या हवेपेक्षा थंड असतो. आमच्या वरातीसाठी नळी शोधायची तर तापमानाचा हा उतार मॉडेलमध्ये उलटा भरावा लागेल.