स्वयंसिंचित कुंडी

साठवलेले पाणी मातीच्या ओढीनुसार (सुकत जाणारी माती पाणी शोषून घेते त्यानुसार) आपोआप मुळांपर्यंत पोचवणारी कुंडी. हिचे दोन प्रकार असून त्यांची पुष्कळदा गल्लत होते. वातीच्या प्रकारात पाणी तळातून वर चढते. झिरपत्या प्रकारात ते मातीत पुरलेल्या, झिलई न दिलेल्या भाजक्या मडक्याच्या भिंतीतून बाहेर पाझरते.

झिरपत्या प्रकाराचा सर्वांत जुना लेखी उल्लेख सामान्यतः चीनमधील फान शंगची याच्या कृषिग्रंथातील मानला जातो (इ. स. पू. पहिले शतक). मूळ ग्रंथ लुप्त असून सहाव्या शतकातील एका संकलनातील उताऱ्यांवरूनच तो माहीत आहे. त्यात मडके तोंड जमिनीच्या पातळीत ठेवून पुरावे, चारी बाजूंना वेलवर्गीय फळाचे एकेक बी लावावे, तोंडावर कौल झाकावे आणि पाणी उतरताच भरावे, असे सांगितले आहे. एवढ्यावरून ही रीत चीनमधूनच सर्वत्र गेली, असे म्हणणे धाडसाचे ठरेल. जिथे कुंभारकाम आणि पाणीटंचाई एकत्र आली तिथे ती स्वतंत्रपणे सुचली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. वैशाखात शिवपिंडीवर बांधतात त्या गळतीशीही काही जण हिचा संबंध जोडतात. परंतु गळतीतले पाणी गुरुत्वाने पडते, मातीच्या ओढीने नव्हे. भारतात 1970 च्या दशकात कर्नाल येथील केंद्रीय मृदा लवणता संशोधन संस्थेत मडका सिंचनावर प्रयोग झाले.

वातीतले पाणी केशाकर्षणाने, म्हणजे बारीक छिद्रांतून द्रव आपोआप ओढला जाण्याने, चढते. सु. 1 मिमी. व्यासाच्या काचनळीत ते सु. 3 सेंमी., तर 0.1 मिमी. व्यासाच्या नळीत सु. 30 सेंमी. चढू शकते, म्हणजे छिद्र जितके बारीक तितकी उंची जास्त. मात्र बारीक छिद्रांत प्रवाह मंदावतो. त्यामुळे माण-जतकडचा भरड मुरूम आणि कृष्णाकाठची चिकण काळी माती, दोन्ही नुसत्या वापरल्यास निरुपयोगी. मुरमात पाणी वर येत नाही. काळी माती गच्च होते आणि सुकल्यावर भेगाळून वातीपासून सुटते. कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) व चाळलेले शेणखत मिसळणे बरे.

घरी बाटली मधोमध कापून वरचा भाग उलटा खालच्या भागात बसवतात आणि झाकणाच्या छिद्रातून सुती नाडी ओवतात. सूत काही महिन्यांत कुजते, नायलॉन टिकते. झिरपत्या प्रकाराला संक्रांतीचे सुगडही चालते, फक्त ते रंगवलेले नसावे. दोन्ही प्रकारांत पहिले पाणी वरूनच घालावे लागते, कारण अगदी कोरड्या मातीतून पाणी नीट पुढे सरकत नाही.

पाणी वर येऊन उडून जाते, क्षार मात्र पृष्ठभागी साचतात. कूपनलिकेचे जड पाणी असेल तिथे पांढरा थर लवकर दिसतो. तेव्हा वरून भरपूर पाणी ओतून तळ रिकामा करतात. साठ्याचे तोंड उघडे राहिल्यास त्यात एडिस डासाची पैदास होते. महाबळेश्वरसारख्या अतिपावसाच्या भागात साठ्याला जादा पाणी वाहून जाण्याचे छिद्र नसल्यास मुळे कुजतात. कोरफड व निवडुंग या कुंडीत लावत नाहीत. तुळसही सतत ओलीत फार दिवस तग धरत नाही.