एडिथ (मुलीचं नाव)

एडिथ हे जुनं इंग्रजी मुलीचं नाव, इंग्लंडमधे उच्चार साधारण ईडिथ असा करतात आणि घरात लाडाने ईडी म्हणतात. हे नाव बायबलमधून आलेलं नाही की लॅटिनमधूनही नाही, अस्सल अँग्लो-सॅक्सन, म्हणजे 1066 च्या आधीच्या जुन्या इंग्रजांचं आहे, मूळ रूप एडगिथ. त्यात दोन शब्द आहेत, 'एड' म्हणजे संपत्ती, भाग्य, भरभराट, आणि 'गिथ' म्हणजे युद्ध. एडवर्ड, एडमंड, एडविन, एडगर या नावांतला 'एड' पण तोच. संपत्ती आणि युद्ध यांचा काय संबंध असा प्रश्न पडतो, पण त्या काळी असे दोन चांगले वजनदार शब्द जोडून नाव ठेवायची पद्धत होती, जोडून सरळ वाक्य व्हायलाच पाहिजे असं नव्हतं. आपल्याकडचं विजयालक्ष्मी घ्या, अर्थाने बरंचसं शेजारचंच नाव आहे.

दहाव्या शतकात इंग्लंडचा राजा एडगर याची मुलगी एडिथ विल्टनच्या मठात वाढली, साधारण 984 मधे ऐन तरुणपणी वारली आणि पुढे संत मानली गेली, 16 सप्टेंबर हा तिचा दिवस. नावाला पावित्र्य आलं ते इथून. मग राजा एडवर्ड द कन्फेसरची राणीही एडिथच, आणि तिचा भाऊ, पुढे राजा झालेला हॅरॉल्ड, याची जोडीदारीण 'हंसासारख्या मानेची' एडिथ. 1066 मधे हेस्टिंग्जच्या लढाईत हॅरॉल्ड पडला तेव्हा ओळखू न येणारं त्याचं प्रेत तिनेच शोधून काढलं, फक्त तिलाच माहीत असलेल्या खुणांवरून, अशी कथा सांगतात.

त्या लढाईनंतर फ्रान्समधून आलेल्या नॉर्मन लोकांचं राज्य आलं आणि नावंच बदलली. विल्यम, रॉबर्ट, मटिल्डा, अ‍ॅलिस ही फॅशन झाली आणि जुनी इंग्रजी नावं गावंढळ वाटायला लागली. 1100 मधे इंग्लंडचा राजा पहिला हेन्री याने जिच्याशी लग्न केलं ती स्कॉटलंडची राजकन्या जन्माने एडिथ होती पण राणी म्हणून मटिल्डा झाली, तरी नॉर्मन सरदार या नवराबायकोला गॉडरिक आणि गॉडगिवा म्हणून चिडवायचे, म्हणजे अगदी टिपिकल इंग्रज नावं घेऊन. राणीलाच नाव बदलायला लागतं तिथे बाकीच्यांचं काय! बायकांची कितीतरी जुनी नावं तेव्हा संपली, एडिथ मात्र तग धरून राहिलं आणि मला तरी त्यात विल्टनच्या संत एडिथचा हात मोठा वाटतो.

एकोणिसाव्या शतकात राणी व्हिक्टोरियाच्या काळातल्या इंग्रजांना जुन्या सॅक्सन काळाचं वेड लागलं आणि एथेल, मिल्ड्रेड, एडिथ घरोघरी आल्या. लुधियानाला 1894 मधे बायकांसाठी मेडिकल स्कूल काढणाऱ्या डॉक्टर एडिथ ब्राउन याच पिढीतल्या. आपल्याकडे मुंबई, वसई, गोव्याच्या ख्रिस्ती घरांतल्या जुन्या पिढीतही एडिथ, हिल्डा, विनिफ्रेड अशी नावं ऐकू येतात.

पण या नावाला जगभर नेलं ते नर्स एडिथ कॅव्हेलने. नॉर्विचजवळच्या गावातली ही बाई ब्रुसेल्समधे नर्सिंग शिकवायची, पहिल्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातल्या बेल्जियममधून तिने सुमारे 200 सैनिकांना पळून जायला मदत केली, पकडली गेल्यावर लपवलं नाही, आणि 12 ऑक्टोबर 1915 ला पहाटे तिला गोळ्या घातल्या. जग हादरलं. कॅनडातल्या एका 3,363 मीटर उंच शिखराला तिचं नाव दिलं, आणि तिच्या मृत्यूनंतर दोन महिन्यांतच पॅरिसमधे जन्मलेल्या एका मुलीचं नाव तिच्यावरून एदित ठेवलं, तीच पुढे प्रसिद्ध फ्रेंच गायिका एदित पियाफ झाली.

विसाव्या शतकाच्या मध्यावर हे आजीबाईंचं नाव झालं आणि मुलींना ठेवणं जवळजवळ थांबलं. आता इंग्लंडमधे पणजीची नावं पुन्हा आवडायला लागलीत, त्यात एडिथ परत आलंय आणि लहान मुलींना तर नुसतं ईडी असंही ठेवतात.