पार्श्वभूमी : झुंजार पडद्यावर का येत नाही?

बेळगावात रहस्यकथांचे दोन जुने वाचक भेटले की तिसऱ्या मिनिटाला विषय निघतो : बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांचा नायक झुंजार, त्याच्यावर सिनेमा कधी? त्यांच्याच दुसऱ्या नायकावर, काळा पहाडवर? एकजण सांगतो, हक्क घेतलेत म्हणे. दुसरा सांगतो, पटकथा लिहून तयार आहे म्हणे. ‘म्हणे’शिवाय वाक्य पुरं होत नाही. खरं तर सीमाभागातला माणूस ‘येणार, येणार’वर चटकन विश्वास ठेवत नाही. २००४ पासून सुप्रीम कोर्टात पडून असलेल्या सीमावादाच्या दाव्यानं त्याला आधी तारीख विचारायची सवय लावली आहे. या एका बाबतीत मात्र तो भाबडा राहिला.

अर्नाळकरांनी हजारावर कादंबऱ्या लिहिल्या वगैरे सगळ्यांना पाठ आहे. त्या पुस्तकांचं इकडचं आयुष्य वेगळं होतं. मुंबई-पुण्याचा माल कोल्हापूर, निपाणी करत यायचा आणि विकत फारसा कुणी घेत नसे, भाड्यानं न्यायचा. आमच्या शहापुरातल्या भाड्याच्या दुकानात दोन फळ्या होत्या. डावीकडं मराठी : झुंजार, काळा पहाड, धनंजय, नंतरच्या पिढीचे कॅप्टन दीप आणि दारा बुलंद. उजवीकडं कन्नड, आणि तिथला राजा पत्तेदार पुरुषोत्तम. कन्नडमध्ये ‘पत्तेदार’ म्हणजे तपास लावणारा, गुप्तहेर. आम्ही मराठी शाळेतली पोरं धनंजयलाही बिनदिक्कत पत्तेदारच म्हणायचो. ‘गुप्तहेर’ हा शब्द परीक्षेत लिहायचा. दुकानदार अनुभवी होता. पुस्तक हातात देतानाच सांगून टाकायचा, “आलंय, खरं शेवटची चार पानं नाहीत बघ.” इथल्या बोलीत ‘खरं’ म्हणजे ‘पण’, हे बाहेरच्यांसाठी. खुनी कोण ते मग वर्गात विचारून कळायचं. काही वेळा आधीच्या वाचकानं पहिल्याच पानावर पेन्सिलीनं त्याचं नाव लिहून ठेवलेलं असे.

पडद्यावर मात्र उजवी फळी पुढं गेली. १९६८ साली कन्नडमध्ये ‘जेडर बले’ आला आणि सी.आय.डी. ९९९ हा हेर जन्मला. त्याच वर्षी तो गोव्याला जाऊन आला, १९६९ ला जॅकपॉटच्या मोहिमेवर निघाला आणि १९७८ ला पुन्हा परतला. हे कादंबरीवरून आलेलं नव्हतं, सरळ बाँडच्या धर्तीवर पडद्यासाठीच बेतलेलं होतं. पण नायक होते कन्नडचे सगळ्यात मोठे नट. त्या काळात आमचा मराठी सिनेमा तमाशाच्या फडात आणि पाटलाच्या वाड्यात रमला होता. बेळगावाहून सव्वाशे किलोमीटरच्या आत कोल्हापूरचे स्टुडिओ होते, तिथं घोडे मिळायचे, लावणीला पायपेटी मिळायची. रात्रीच्या मोटारींचा पाठलाग परवडणारा नव्हता. झुंजार कागदावर राहिला त्याचं एक कारण इतकं साधं आहे.

दुसरं कारण साधं नाही, आणि त्यावर चाहते बोलायला राजी नसतात. ते कारण म्हणजे ‘आधारित’ हा शब्द.

मराठीत या कामाला चार नावं आहेत. अनुवादात माणसांची नावंही मूळचीच राहतात. रूपांतरात लंडनचं गिरगाव होतं आणि इन्स्पेक्टर धोतर नेसतो. ‘आधारित’मध्ये सांगाडा परका, रक्तमांस आपलं. ‘प्रेरित’ हा वकिलांनी आणलेला शब्द, त्यात काय उचललं ते सांगावं लागत नाही. आपल्या रहस्यकथांचा मोठा भाग दुसऱ्या आणि तिसऱ्या घरात मोडतो, पण माझ्याकडच्या जीर्ण प्रतींत कुठंही मूळ लेखकाचं नाव नाही. वाचकाला फरक पडत नव्हता. निर्मात्याला पडतो. तो झुंजारचे हक्क घेतो तेव्हा नेमकं काय घेतो? कथानक घ्यावं, तर ते कुठल्या इंग्रजी मालिकेतून आलं हे शोधायला आधी एक पत्तेदार नेमावा लागेल. नाव, ऐट, बोलण्याची लकब, सोबतची माणसं घ्यावीत आणि कथा नवी लिहावी, तर पहिल्या खेळाला आलेला साठीचा चाहता म्हणणार, हा आमचा झुंजार नव्हे.

माझ्या मते त्या चाहत्याचं चुकतं. शेवटची चार पानं नसताना आपण ती पुस्तकं वाचलीत आणि नायकावर जीव लावलाय. कथानक तेव्हाही दुय्यमच होतं.

हा वाद प्रत्यक्षात लढला गेला तो ‘फास्टर फेणे’वरून. फुरसुंगीचा शाळकरी पोरगा १९८७ साली दूरदर्शनवर आला तेव्हा पोरगाच होता. २०१७ च्या चित्रपटात तो वैद्यकीय प्रवेशपरीक्षेला पुण्यात आलेला तरुण झाला. कुठलंही एक पुस्तक घेतलं नाही. नाव, गाव, सायकल आणि ‘ट्टॉक’ एवढं ठेवलं आणि खुद्द लेखकालाच पात्र करून पडद्यावर आणलं. वय वाढवल्याबद्दल आमच्याकडं कडाडून भांडणं झाली. निपाणीच्या एका मित्रानं तर सिनेमा न बघताच भांडून घेतलं. मला निर्णय पटला : पात्रावर आधारित म्हणजे काय, याचं मराठीतलं ते सगळ्यात प्रामाणिक उत्तर आहे.

त्याआधी २०१३ ला ‘दुनियादारी’ चालला. दारा बुलंदच्याच लेखकाची ती कादंबरी, पण निवडली कॉलेजकट्ट्याची. दारा कपाटातच राहिला. २०१८ ला ‘तुंबाड’ आला : प्रेरणा भयकथाकार नारायण धारपांच्या कथेची, नाव तिसऱ्याच लेखकाच्या कादंबरीतलं, भाषा हिंदी. २०२४ च्या सप्टेंबरात तो पुन्हा लागला आणि पहिल्या वेळेपेक्षा जास्त कमाई करून गेला. धारपांचा नायक ‘समर्थ’ पडद्यावर यायची वाट बघणाऱ्यांना त्यामुळं नवा हुरूप आला आहे; आपला समर्थ मराठीत बोलेल का, ही धास्तीही सोबत आली आहे.

आणि हे दुखणं आपलं एकट्याचं नाही. अमेरिकेत १९३३ पासून मासिकांतून गाजलेल्या डॉक सॅव्हेजवर १९७५ मध्ये एक सिनेमा निघाला, पडला, आणि २०१६ ला एका तगड्या नटाचं नाव जाहीर होऊनही दुसरा आलेला नाही. ‘द शॅडो’ १९९४ ला आणि आपण इंद्रजाल कॉमिक्समधून ओळखतो तो वेताळ १९९६ ला आला, दोन्हींचा दुसरा भाग निघाला नाही.

अर्नाळकर १९९६ मध्ये गेले. कायद्याप्रमाणं लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षारंभापासून साठ वर्षं हक्क वारसांकडं राहतात, म्हणजे झुंजार सगळ्यांना मोकळा होणार तो १ जानेवारी २०५७ ला. निपाणीचा मित्र म्हणतो, तारीख तरी मिळाली.