जुवाखालचा टेकू ते कॅम्परचा जॅक : खानदेशात मुक्कामी गाडीची आणि तिच्या मैल्याच्या टाकीची पार्श्वभूमी

तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा भरते. तिथे मुक्कामाला येणारा माणूस बैल सोडण्याआधी दोन गोष्टी पाहायचा : गाडी कुठे टेकवायची आणि परसाकडे कुठल्या अंगाला जायचे. बैलगाडीला दोन चाके. बैल सुटले की जू खाली येते, म्हणून जुवाखाली लाकडाचा टेकू द्यायचा आणि चाकांना दोन्ही बाजूंनी दगडाची उटी लावायची. परसाकडचा प्रश्न वस्तीपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला सुटायचा.

आज तोरणमाळ, पाटणादेवी, पाल या बाजूला कॅम्पर, म्हणजे झोपण्या-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, घेऊन जाणाऱ्यापुढेही हेच दोन प्रश्न असतात. उत्तरे मात्र बहुतेक वेळा अमेरिकेतल्या किंवा इंग्लंडमधल्या माहितीपुस्तिकेतून उचललेली असतात. त्या सूचना कोणत्या गरजेतून आल्या हे कळले, तर काळ्या जमिनीत आणि ४५ अंशांच्या उन्हात त्यांतल्या कोणत्या पाळायच्या आणि कोणत्या बदलायच्या ते ठरवता येते.

हौसेच्या प्रवासासाठी बांधलेल्या कॅरव्हॅनचा इतिहास सांगताना बहुधा १८८५ सालापासून सुरुवात होते. ब्रिटिश नौदलातले निवृत्त डॉक्टर विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनी त्या वर्षी घोड्यांनी ओढायची ‘वाँडरर’ ब्रिस्टलच्या कारखान्यातून बांधून घेतली आणि ती स्कॉटलंडपर्यंत नेली. १९०७ मध्ये तिकडे कॅरव्हॅन क्लब निघाला. मोटारीमागे ओढायचे ट्रेलर पुढे अमेरिकेत वाढले. आपल्याकडे ट्रेलर थोडे, बसच्या किंवा व्हॅनच्या चासीवर बांधलेले मोटार कॅरव्हॅनच जास्त. त्यांच्या मंजुरीसाठी एआयएस-१२४ हे मानक आहे आणि महाराष्ट्राचे कॅरव्हॅन पर्यटन धोरण २०२१ चे. गाड्या आल्या, धोरणही आले. टाकी रिकामी करण्याच्या जागा मात्र त्या मानाने फारच थोड्या झाल्या, आणि खरी अडचण तिथेच आहे.

गाडी उभी करणे

कॅम्पर अगदी समपातळीत हवा, हा आग्रह मुळात फ्रिजमुळे आला. १९२२ मध्ये स्टॉकहोममधल्या बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी अमोनियावर चालणारा, कॉम्प्रेसर नसलेला फ्रिज शोधला. तो गॅसवर चालतो, म्हणून जगभरच्या ट्रेलरमध्ये बसला. त्यात द्रव नुसत्या उताराने फिरतो. गाडी कलती राहिली की तो एका जागी साचतो, नळी जास्त तापते आणि फ्रिज कायमचा निकामी होऊ शकतो. म्हणून बाजूला सुमारे ३ अंश आणि पुढे-मागे ६ अंश ही मर्यादा पुस्तिकांमध्ये आली. चाकांमधले अंतर १.८ मीटर धरले तर ३ अंश म्हणजे एका बाजूला साधारण ९.५ सेंटिमीटर उतार.

आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत आता १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रिज असतो. तो एवढा हट्टी नाही. तरीही पातळी पाहावीच लागते, कारण झोप लागत नाही, मोरीचे पाणी कोपऱ्यात साचते आणि टाकीतला मैला तोंडापासून उलट दिशेला जमतो. म्हणून गाडी उभी करताना टाकीच्या तोंडाची बाजू केसभर खाली ठेवली तर बरे.

ट्रेलर असेल तर क्रम चुकवू नये. ओढणाऱ्या गाडीला जोडलेला असतानाच खालच्या बाजूच्या चाकाखाली फळ्या घालून आडवी पातळी साधायची. मग दोन्ही बाजूंच्या चाकांना पुढून-मागून उटी. त्यानंतरच जोड सोडायचा आणि पुढच्या जॅकने पुढे-मागे पातळी करायची. हा पुढचा जॅक म्हणजे जुवाखालचा टेकूच. कोपऱ्यांचे चार स्टॅबिलायझर, म्हणजे गाडी डोलू न देणारे छोटे जॅक, सगळ्यांत शेवटी. उटी न लावता जोड सोडला तर सातपुड्याच्या उतारावर ट्रेलर धरणारे काहीच उरत नाही. मोटार कॅरव्हॅनला हँडब्रेक आणि गिअर असतो, पण उटी त्यालाही लागते.

सगळ्यांत जास्त नुकसान करणारी चूक म्हणजे स्टॅबिलायझरने गाडी उचलणे. हा जॅक फक्त डोलणे थांबवण्यासाठी आहे. गाडीचे वजन टायरवर आणि स्प्रिंगच्या पाट्यांवरच राहिले पाहिजे. पाय जमिनीला टेकला की अर्धा-पाऊण फेरा पुरे. त्यापुढे पिळले तर एक कोपरा वर जातो आणि सांगाडा पिरगळतो. दार चौकटीत घासू लागते, खिडकीच्या रबरात फट पडते आणि पुढच्या पावसात पाणी आत येते. दार नीट लागत नसेल तर बिजागरीला हात लावण्याआधी चारही जॅक सैल करून पाहावेत. मोटार कॅरव्हॅनला जॅक लावताना तो चासीच्या पट्टीखालीच लावायचा, बॉडीच्या तळाला कधीच नाही.

यापुढचे पुस्तिकेत सापडत नाही, कारण ती डांबरी किंवा खडीच्या जागेसाठी लिहिलेली असते. तापी-गिरणेच्या पट्ट्यातली काळी जमीन ओली झाली की फुगते, वाळली की आकसून भेगाळते. जॅकचा पाय साधारण १० बाय २० सेंटिमीटरचा. त्याखाली ३० सेंटिमीटर चौकोनी बाभळीचा ठोकळा ठेवला तर तेच वजन साडेचारपट जागेवर पसरते. ठोकळा निदान ५ सेंटिमीटर जाड हवा. पातळ प्लायवूड मधोमध वाकते आणि मग त्याचा उपयोग उरत नाही. उन्हाळ्यात ठोकळा भेगेवर येणार नाही हे पाहावे, कारण भेगेची कड रात्रीतून ढासळते. रब्बीत शेजारच्या शेताला पाणी सुरू असेल तर ओल बांधाखालून येते. संध्याकाळी कडक वाटलेली जमीन सकाळपर्यंत मऊ होते, म्हणून जॅक रोज सकाळी हाताने हलवून बघावा. पावसाळाभर गाडी एका जागी ठेवायची असेल तर चाकांच्या दोन्ही ओळींखाली आणि जॅकच्या जागी १५ सेंटिमीटर मुरूम टाकून चोपून घ्यावा. काळ्या मातीवर नुसते ठोकळे ठेवून चार महिने काढता येत नाहीत.

वाऱ्याचेही भान हवे. मे-जूनमधले वादळ रावेर-यावलकडच्या केळीच्या बागा झोपवते. गाडीचे उघडलेले कापडी छत त्याच्यापुढे काहीच नाही. आभाळ भरून आले की आधी छत गुंडाळावे, जॅकचे नंतर बघावे.

मैल्याची टाकी कुठून आली

सुरुवातीच्या बहुतेक ट्रेलरमध्ये संडास नव्हताच. तळावरचा सामाईक संडास किंवा बादली, एवढीच सोय. मोरीचे पाणी सरळ जमिनीवर सोडले जाई. गाड्या वाढल्या तशी तळांची घाण झाली आणि मैला गाडीतच साठवून ठराविक जागी सोडण्याची पद्धत विसाव्या शतकाच्या मध्यानंतर रुळली. १९६३ मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅन आर्बर इथे थेटफर्ड कंपनी सुरू झाली. गाडीत बसणारे संडास बनवून तिने हे गणित बरेच सोपे केले.

हा प्रवास आपण रेल्वेत पाहिला आहे. भुसावळ जंक्शनवर पिढ्यान्पिढ्या डब्यातून एकच सूचना वाचली गेली : गाडी स्थानकात उभी असताना शौचालयाचा वापर करू नये. कारण खाली टाकीच नव्हती, सगळे रुळांवर पडत होते आणि ते साफ करायला माणसे लावली जात होती. संरक्षण संशोधन संस्थेच्या ग्वाल्हेरच्या प्रयोगशाळेने मैला पचवणाऱ्या जिवाणूंवर काम केले, आणि २०११ पासून जैव-शौचालयाचे डबे धावू लागले. कॅम्परला तीच टाकी का बसवत नाहीत, असे पुष्कळ जण विचारतात. त्या जिवाणूंना रोजचा पुरवठा लागतो. वर्षातून दहा-बारा वेळा बाहेर पडणाऱ्या गाडीत त्यांचे काम मंदावते. शिवाय टाकी जड असते आणि एका फिनाईलच्या बाटलीने सगळे काम थांबते.

म्हणून कॅम्परमध्ये दोन साध्या टाक्या असतात : संडासाची ‘ब्लॅक’ आणि मोरी-आंघोळीची ‘ग्रे’. ब्लॅकचा व्हॉल्व्ह साधारण ३ इंची, ग्रेचा दीड इंची. ब्लॅकचा व्हॉल्व्ह कायम बंद ठेवायचा. तो उघडा ठेवला तर पाणी वाहून जाते आणि मैला संडासाच्या तोंडाखाली ढीग होऊन वाळतो. जळगावच्या मे महिन्यात दोन दिवसांत त्याची वीट होते.

टाकी रिकामी झाल्याबरोबर आत १० ते १२ लिटर पाणी आणि वास रोखणाऱ्या टाकी-औषधाची मात्रा घालायची. परदेशी सूचनांमध्ये ‘भरपूर पाणी वापरा’ हे पुन्हा पुन्हा येते, कारण तिकडे कागद वापरतात. आपण पाण्याने धुतो, त्यामुळे ढीग होण्याचा धोका कमी, पण टाकी लवकर भरते. माणशी दिवसाला एक मोठी खेप ३ लिटरची आणि चार लहान खेपा प्रत्येकी १ लिटरच्या धरल्या, तर चौघांचे रोजचे २८ लिटर होतात. १०० लिटरची टाकी तीन दिवस पुरते. तिचे १०० किलो वजन मागच्या चाकांवर येते, हे तोरणमाळचा घाट चढण्याआधी लक्षात घ्यावे.

सोडताना आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. टाकी दोन-तृतीयांश भरल्याशिवाय सोडू नये, कारण जोर नसेल तर गाळ मागे राहतो. पाइपला मीटरमागे किमान २ सेंटिमीटर उतार द्यावा. गाळ बसलाच तर एक-तृतीयांश पाणी भरून अमळनेर ते धुळे एवढे अंतर गाडी चालवावी आणि लगेच सोडावी. बर्फ टाकून टाकी घासली जाते, असे सांगतात. आपल्याकडे तो तासाभरात वितळतो, त्यावर पैसे घालवू नयेत.

ग्रे टाकीकडे लोक दुर्लक्ष करतात, आणि खानदेशात ते सर्वांत महाग पडते. शेवभाजीची तर्री, भरिताचे तेल, काळ्या मसाल्याचा रस्सा हे सगळे मोरीतून खाली जाते. डिसेंबरच्या थंडीत ते घट्ट होऊन भिंतीवर आणि सेन्सरच्या टोकांवर थर धरते. मग टाकी रिकामी असली तरी दिवा ‘भरली’ असेच दाखवतो, आणि कुजलेल्या तेलाचा वास ब्लॅक टाकीपेक्षा उग्र असतो. ताटे-पातेली आधी रद्दीच्या कागदाने पुसावीत, तो कागद कचऱ्यात टाकावा आणि मगच घासायला बसावे.

बोअरचे पाणी जड असेल तर क्षारांचा थर वेगळाच बसतो. त्याला लिटरमागे १० ग्रॅम लिंबूसत घालून पाणी रात्रभर ठेवावे. संडास धुण्याचे अ‍ॅसिड वापरू नये. ते धातूचे भाग आणि रबर खाते, आणि चुकून ब्लीचमध्ये मिसळले तर विषारी क्लोरिन वायू सुटतो. बंद गाडीत तो जीव घेऊ शकतो.

वास येतो तेव्हा औषध वाढवण्याआधी मोरीचा पाणीसापळा बघावा. वाकड्या नळीतले पाणी उन्हाने आटले की टाकीची हवा सरळ आत येते. गाडी बंद ठेवताना प्रत्येक मोरीत तांब्याभर पाणी आणि वर दोन चमचे गोडेतेल ओतले तर पाणी लवकर उडत नाही. तर्रीचे तेल टाकीसाठी वाईटच, पण हे दोन चमचे चालतात. दुसरे कारण छतावरची हवेची नळी. तिच्यात गांधीलमाशीचे घर किंवा काडीकचरा अडकतो.

टाकी सोडायची कुठे

जुन्या टाकी-औषधांत फॉर्मल्डिहाइड असे. ते वास मारते, कारण ते जिवाणूच मारते. असा मैला कुणाच्या सेप्टिक टँकमध्ये किंवा गोबरगॅसमध्ये सोडला तर तिथले काम बंद पडते. बाटली घेताना त्यात हे नाही ना, एवढे बघावेच. एन्झाइमची औषधे चालतात, पण ४० अंशांवर त्यांची मुदत कमी होते. पाच दिवसांची मात्रा दर तीन दिवसांनी द्यावी आणि गाडी सावलीत लावावी. शेतातले वेस्ट डिकम्पोजर, म्हणजे काडीकचरा कुजवणारे जिवाणूंचे द्रावण, टाकीत ओतणारे आहेत. उकिरड्याला त्याचा उपयोग आहे, तिथे त्याला आठवडे मिळतात. टाकी तिसऱ्या दिवशी रिकामी होते, तेवढ्यात ते काही करत नाही.

ओळखीच्या शेतकऱ्याच्या संडासात टाकी रिकामी करू का, हा नेहमीचा प्रश्न. खेड्यांत बरेच संडास शोषखड्ड्यांचे आहेत. ते घरच्या रोजच्या थोड्या पाण्यासाठी बांधलेले. काळ्या मातीत पाणी मुळातच हळू मुरते. ८०-१०० लिटर एकदम ओतले तर खड्डा भरून त्यांच्याच अंगणात वर येते. पक्क्या सेप्टिक टँकमध्ये, मालकाला विचारून, थोडे थोडे सोडता येते. सगळ्यांत चांगले म्हणजे नगरपालिकेच्या मैला उपशाच्या गाडीची सोय कुठे आहे हे निघण्याआधी फोन करून विचारणे. मैला शास्त्रशुद्ध हाताळण्याचे राष्ट्रीय धोरण २०१७ चे आहे, पण प्रक्रिया केंद्र प्रत्येक गावात नाही. नाला, नदी, रानातला खड्डा यांचा विचारही करू नये. तापी, गिरणा, पांझरा यांच्या काठच्या विहिरींचेच पाणी लोक पितात.

कॅसेट संडासाची, म्हणजे खालची मैल्याची पेटी बाहेर काढता येते अशा संडासाची, पेटी तर हातानेच रिकामी करायची असते. ती ज्याची त्याने करावी. ढाब्यावरच्या किंवा तळावरच्या कुणाला शंभर रुपये देऊन ते काम सांगणे म्हणजे ज्या प्रथेविरुद्ध १९९३ आणि २०१३ चे कायदे झाले, ती पुन्हा चालवणे. हातमोजे, साबण, आणि सांडलेच तर वर टाकायला डबाभर राख किंवा कोरडी माती गाडीत असावी. हेन्री मूल यांनी १८६० मध्ये इंग्लंडमध्ये पेटंट घेतलेला मातीचा संडास याच तत्त्वावर होता, आणि आपल्या खेड्यांत राखेचा वापर फार जुना आहे.

मृगाआधी गाडी बंद करताना दोन्ही टाक्या पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवाव्यात. व्हॉल्व्हच्या दांडीला आणि रबराला सिलिकॉन ग्रीस लावावे. इंजिन ऑइल लावले तर रबर फुगते आणि व्हॉल्व्ह अर्धवट अडकतो. मग भरलेल्या टाकीखाली आडवे पडून तो उघडावा लागतो.