नागपुरातला कोच आणि नॅशव्हिलची तालीम

डिसेंबर १९५५. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात मुलांना खेळ शिकवायला आलेल्या सत्तावीस वर्षांच्या एका अमेरिकी तरुणाने ‘नागपूर टाइम्स’ उघडला आणि बातमी वाचून तो अक्षरशः उड्या मारू लागला. बातमी त्याच्याच देशातली होती. अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहरात काळ्या लोकांनी शहर बसवर बहिष्कार टाकला होता. हजारो माणसं कामावर पायी जात होती, कोणी दगड उचलला नव्हता, आणि पुढारी म्हणून एका तरुण पाद्र्याचं नाव छापलं होतं: मार्टिन ल्यूथर किंग.

आपल्याकडे गांधी आणि किंग ही नावं एका दमात घेतली जातात. दोन ऑक्टोबरच्या भाषणात तर हमखास. पण सेवाग्रामपासून अमेरिकेच्या दक्षिणेपर्यंत ही गोष्ट पोहोचली कशी, हे विचारलं की उत्तर बहुधा ‘प्रेरणा’ या एका शब्दात उरकलं जातं. प्रेरणेने फार तर सभा भरते. तोंडावर थुंकलं तरी हात न उचलणारी दीडशे पोरं तिने तयार होत नाहीत. ती कोणीतरी बसून तयार करावी लागतात. नॅशव्हिलमध्ये ती तयार करणारा माणूस म्हणजे नागपुरात उड्या मारणारा तो तरुण, रेव्हरंड जेम्स लॉसन. ९ जून २०२४ रोजी लॉस एंजेलिसमध्ये वयाच्या ९५व्या वर्षी ते गेले. अहिंसेच्या शास्त्रातला आणि डावपेचांतला जगातला अव्वल माणूस, असं खुद्द किंग त्यांच्याबद्दल म्हणत.

लॉसन यांचा जन्म १९२८चा, पेनसिल्व्हेनियातला. वाढले ओहायो राज्यातल्या मॅसिलॉन गावात. वडील मेथडिस्ट या ख्रिस्ती पंथाचे पाद्री, पण कमरेला पिस्तूल बाळगणारे. आई जमैकाची, घरात मारामारीचं नावही न काढू देणारी. लॉसन आठ-दहा वर्षांचे असताना आईने कुठल्याशा कामाला पाठवलं. वाटेत उभ्या गाडीतून एका गोऱ्या पोराने शिवी हासडली. जेम्सने जाऊन त्याच्या थोबाडीत मारली, काम उरकलं आणि घरी येऊन आईला मोठ्या ऐटीत सगळं सांगितलं. आई स्वयंपाक करत होती. पाठ न वळवताच तिने विचारलं, “जिमी, त्याने काय साधलं?” ही गोष्ट लॉसन आयुष्यभर सांगत राहिले. आई रागावली नव्हती, तिने फक्त हिशेब मागितला होता. पुढे त्यांनी अहिंसेकडे पाहिलं ते याच हिशेबी नजरेने.

कोरियाच्या युद्धात लष्करभरतीला त्यांनी नकार दिला. पाद्री होऊ घातलेल्या विद्यार्थ्याला सवलत मिळत असे, ती मागितली असती तर सुटले असते. मागितली नाही. तीन वर्षांची शिक्षा झाली, तेरा महिने तुरुंगात काढले. सुटल्यावर मेथडिस्ट मंडळींनी त्यांना भारतात पाठवलं, आणि १९५३ साली ते नागपुरात आले.

हा योगायोग वाटतो तितका नाही. अमेरिकेतल्या काळ्या समाजाचं लक्ष तेव्हा वीसेक वर्षं तरी गांधींकडे लागलेलं होतं. त्यांची वर्तमानपत्रं मिठाच्या सत्याग्रहाच्या बातम्या आवर्जून छापत. हॉवर्ड थर्मन हे धर्मोपदेशक १९३६च्या फेब्रुवारीत बारडोलीला गांधींना भेटले. अहिंसेचा निर्भेळ संदेश जगाला कदाचित तुमच्या लोकांकडूनच मिळेल, असं गांधी त्या भेटीत म्हणाले. त्याच वर्षाअखेरीस बेंजामिन मेज वर्ध्याला आले आणि त्यांनी गांधींशी दीडेक तास चर्चा केली. हे मेज पुढे अटलांटाच्या मोअरहाउस कॉलेजचे अध्यक्ष झाले. तिथे किंग त्यांचे विद्यार्थी होते, आणि १९६८ साली किंग यांच्या अंत्यविधीला श्रद्धांजलीचं भाषण केलं तेही मेज यांनीच. म्हणजे विदर्भातून जाणारी ही वाट लॉसन यांच्या आधीच मळलेली होती.

नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होतं. गांधींना जाऊन पाचच वर्षं झाली होती. त्यांच्याबरोबर चाललेली, तुरुंगात गेलेली माणसं धडधाकट होती आणि सेवाग्राम हाकेच्या अंतरावर. मैदानावर मुलांना पळवायचं आणि सवड मिळाली की अशा माणसांना गाठायचं, असं लॉसन यांनी तीन वर्षं केलं. सत्याग्रह हा रागाच्या भरात करायचा प्रकार नाही, हे त्यांना इथे पुरतं उमगलं. आधी चौकशी, मग वाटाघाटी, मग लोकांची तयारी, आणि मगच प्रत्यक्ष कृती. खेळाच्या प्रशिक्षकाला हे पटायला वेळ लागला नसावा.

अमेरिकेत परतल्यावर ते ओहायोतल्या ओबर्लिन कॉलेजात शिकायला गेले. ६ फेब्रुवारी १९५७ रोजी किंग तिथे भाषणाला आले आणि दोघांची गाठ पडली. दोघेही अठ्ठावीस वर्षांचे. शिक्षण संपलं की दक्षिणेत येऊन काम करायचा विचार आहे, असं लॉसन म्हणाले. किंग म्हणाले, थांबू नका, आत्ताच या. तुमच्यासारखं आमच्याकडे कोणी नाही. लॉसन यांनी बाडबिस्तरा आवरला आणि १९५८च्या सुरुवातीला टेनेसी राज्यातलं नॅशव्हिल गाठलं.

नॅशव्हिल स्वतःला ‘दक्षिणेचं अथेन्स’ म्हणवून घेई. तिथे ग्रीक मंदिराची हुबेहूब प्रतिकृतीही उभी आहे. इतर दक्षिणेपेक्षा आपण सभ्य, असा शहराचा समज होता. पण मुख्य बाजारपेठेतल्या मोठ्या दुकानांत काळ्या गिऱ्हाइकाने कपडे, भांडी, वह्या काहीही विकत घ्यावं, फक्त त्याच दुकानातल्या लंच काउंटरवर बसून सँडविच खाऊ नये. पैसे चालत, माणूस चालत नसे. लढा नेमका इथे द्यायचा हे लॉसन यांनी पुस्तकातून ठरवलं नव्हतं. पोरांना घेऊन बाजारात गेलं की दमलेल्या पोराला टेकवायलाही जागा मिळत नाही, लघवीला नेता येत नाही, ही तक्रार गावातल्या बायांनी बैठकीत मांडली होती.

१९५९च्या शरद ऋतूपासून दर मंगळवारी संध्याकाळी क्लार्क मेमोरियल मेथडिस्ट चर्चच्या तळघरात लॉसन यांचे वर्ग भरू लागले. फिस्क विद्यापीठाची डायेन नॅश, अलाबामातल्या शेतकरी घरातला, लाजरा, जरासा अडखळत बोलणारा जॉन लुईस, बर्नार्ड लाफायेत, जेम्स बेव्हल अशी पोरं येत. सगळी विशीच्या आसपासची.

मराठीत तालीम शब्दाचे दोन अर्थ आहेत, पैलवानांची आणि नाटकवाल्यांची. त्या तळघरात दोन्ही एकाच वेळी चालत. खुर्च्या ओळीने मांडून लंच काउंटर तयार करायचा. काही जणांनी बसायचं, उरलेल्यांनी गोऱ्या टोळक्याचं सोंग घ्यायचं. सिगारेटचा धूर तोंडावर सोडायचा, केस ओढायचे, आईवरून शिव्या द्यायच्या, खुर्चीवरून खाली खेचायचं. खाली पडलेल्याने अंग मुटकुळं करून डोकं आणि पोट कसं झाकायचं, मारणाऱ्याच्या डोळ्यांत कसं पाहत राहायचं, शेजारच्याला फारच मार बसत असेल तर त्याच्यावर आडवं पडून मार कसा वाटून घ्यायचा, हे सगळं पुनःपुन्हा. आपल्याच मित्राला काळ्यांना हिणवणाऱ्या त्या घाणेरड्या शब्दाने हाक मारायची हे मार खाण्यापेक्षाही जड जात असणार. काहींना जमलं नाही. जमत नसेल तर काउंटरवर बसू नका, दुसरी कामं पुष्कळ आहेत, असं त्यांना सांगितलं जाई.

नोव्हेंबर आणि डिसेंबरमध्ये दोन दुकानांत रंगीत तालीम झाली. जायचं, खायला मागायचं, नकार घ्यायचा, व्यवस्थापकाशी नीट बोलायचं आणि उठून यायचं. एवढ्यात १ फेब्रुवारी १९६० रोजी नॉर्थ कॅरोलायनातल्या ग्रीन्सबरोमध्ये चार विद्यार्थी कुणाच्या तयारीविना असे जाऊन बसले आणि बातमी देशभर झाली. पहिलेपणाचा मान ग्रीन्सबरोकडे गेला. तयारी मात्र नॅशव्हिलची होती. १३ फेब्रुवारीला बर्फातून चालत सव्वाशेच्या आसपास पोरं बाजारात उतरली. ठेवणीतले कपडे, हातात कॉलेजची पुस्तकं. काउंटरवर बसून गृहपाठ.

लुईस आणि लाफायेत यांनी नियमांचा एक कागद काढून वाटला होता. उलटा हात करू नका, शिवी देऊ नका, मोठ्याने हसू नका, दारं अडवू नका, नेत्याच्या परवानगीशिवाय जागा सोडू नका, ताठ बसा, तोंड काउंटरकडे ठेवा. शेवटी येशू, गांधी आणि किंग यांची शिकवण लक्षात ठेवा. नियमांच्या या यादीत थोर असं काहीच नाही, आणि मला तिचं मोल वाटतं ते त्याचमुळे.

२७ फेब्रुवारीच्या शनिवारी कसोटी लागली. पोलिस बाजूला झाले आणि टोळकी आत शिरली. पाठीवर सिगारेटी विझवल्या, पोरांना ओढून बडवलं. नंतर अटक झाली ती बसलेल्यांना, ८१ जणांना. एक तुकडी गाडीत चढवली की दुसरी येऊन त्याच खुर्च्यांवर बसे, पोलिसांनाच मोजदाद कळेना. ५० डॉलर दंड झाला तेव्हा डायेन नॅश आणि इतर अनेकांनी दंड भरायला नकार देऊन तुरुंग पत्करला.

त्या दिवसांतला एक प्रसंग. रस्त्यावर एका कार्यकर्त्याला मारहाण चालली होती, लॉसन मध्ये गेले. चामडी जाकीट घातलेला एक गोरा तरुण वळला आणि त्यांच्या तोंडावर थुंकला. लॉसन यांनी शांतपणे विचारलं, रुमाल आहे का तुमच्याकडे? त्याने गोंधळून खिशातून काढून दिला. तोंड पुसता पुसता लॉसन यांनी त्याचं जाकीट पाहिलं आणि विचारलं, मोटरसायकल आहे वाटतं? मग दोघांचं गाडीवरच बोलणं सुरू झालं. तेवढ्यात मार खाणारा उठून निसटला होता. संतपणा म्हणून ही गोष्ट सांगितली जाते. मला ती डाव ओळखणाऱ्या कोचची वाटते.

लॉसन नॅशव्हिलच्या ज्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात शिकत होते, त्याने ३ मार्चला या आंदोलनापायी त्यांना काढून टाकलं, पदवी काही महिन्यांवर असताना. निषेधात अनेक प्राध्यापकांनी राजीनामे दिले. लॉसन यांनी पदवी बोस्टनहून घेतली.

काळ्या गिऱ्हाइकांनी बाजारावर बहिष्कार टाकला, ईस्टरची विक्री बुडाली आणि दुकानदार अस्वस्थ झाले. १९ एप्रिलच्या पहाटे विद्यार्थ्यांचे वकील लुबी यांच्या घरावर डायनामाइट पडला. समोरच्या मेहारी वैद्यकीय कॉलेजच्या शंभराहून जास्त खिडक्या फुटल्या. लुबी दांपत्य मागच्या खोलीत होतं म्हणून वाचलं. त्याच दिवशी हजारो लोक नगरपालिकेपर्यंत चालत गेले. घोषणा नाहीत, नुसता पावलांचा आवाज. पायऱ्यांवर महापौर बेन वेस्ट आले. डायेन नॅशने त्यांना महापौर म्हणून नव्हे, माणूस म्हणून विचारलं, रंगावरून भेदभाव करणं चूक आहे असं तुम्हाला वाटतं का? ते म्हणाले, हो. दुसऱ्या दिवशी किंग आले आणि म्हणाले, मी इथे प्रेरणा द्यायला नाही, घ्यायला आलोय. १० मे रोजी आधी ठरल्याप्रमाणे, छोट्या गटांनी, गाजावाजा न करता काळे गिऱ्हाईक काउंटरवर बसले आणि त्यांना खायला मिळालं.

पुढची वर्षं भराभर गेली. विद्यार्थ्यांच्या अहिंसक समन्वय समितीचं ध्येयपत्रक लॉसन यांनी लिहिलं, १९६१च्या फ्रीडम राइड्समध्ये, म्हणजे बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध काढलेल्या बसप्रवासांत, मिसिसिपीत अटक करवून घेतली आणि १९६२ साली ते मेम्फिसच्या एका चर्चचे पाद्री झाले.

मेम्फिसमध्ये १ फेब्रुवारी १९६८ रोजी पाऊस पडत होता. दोन सफाई कामगार आडोशाला कचऱ्याच्या गाडीच्या मागच्या भागात शिरले, दाबयंत्र अचानक सुरू झालं आणि दोघे चिरडून मेले. १२ तारखेला तेराशे कामगार संपावर गेले. महापौर दाद देईना. संपाच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या नागरिक समितीचे अध्यक्ष लॉसन होते. कामगारांच्या गळ्यातल्या पाट्यांवर चारच इंग्रजी शब्द होते: ‘I AM A MAN’, म्हणजे ‘मी माणूस आहे’. किंग यांना मेम्फिसला बोलावलं लॉसन यांनी. २८ मार्चच्या मोर्च्यात दगडफेक आणि लूट झाली, सोळा वर्षांचा एक मुलगा पोलिसांच्या गोळीने गेला. अहिंसक मोर्चा काढता येतो हे दाखवायला किंग पुन्हा आले, आणि ४ एप्रिलला लॉरेन मोटेलच्या सज्जात त्यांना गोळी लागली. त्या रात्री शहराने शांत राहावं म्हणून लॉसन रेडिओवरून आवाहन करत होते. १६ एप्रिलला संप मिटला, संघटनेला मान्यता मिळाली. पुढे लॉसन किंग यांच्या खुनासाठी शिक्षा भोगणाऱ्या जेम्स अर्ल रे याला तुरुंगात भेटत राहिले. त्याचं तुरुंगातलं लग्नही त्यांनीच लावलं. हे अनेकांना रुचलं नाही.

जानेवारीतला तिसरा सोमवार अमेरिकेत किंग यांच्या नावाची सुट्टी असते. ती मिळायलाही पंधरा वर्षं लागली. कायदा १९८३चा, पहिली सुट्टी १९८६ची. ती नुसती सुट्टी न राहता लोकसेवेचा दिवस व्हावी, असा कायदा १९९४ साली झाला. तो आणणाऱ्यांत तेव्हा खासदार असलेले जॉन लुईस होते, मंगळवारच्या वर्गातले. त्या सोमवारी किंग यांचं १९६३चं ‘माझं एक स्वप्न आहे’ हे भाषण सगळीकडे लागतं. कचऱ्याच्या गाडीचं फारसं कोणी काढत नाही. लॉसन यांची तर तक्रार मुळातूनच होती: ‘नागरी हक्कांची चळवळ’ हे नावच त्यांना तोकडं वाटे. अहिंसक चळवळ म्हणा, असा त्यांचा आग्रह असे.

१९७४ साली ते लॉस एंजेलिसला होलमन चर्चमध्ये गेले आणि १९९९ साली निवृत्त झाले. हॉटेलांत खोल्या झाडणाऱ्या बायका, इमारतींचे सफाई कामगार यांच्या संघटनांबरोबर ते बसत, वेळ पडली तर अटकही करवून घेत. नव्वदी गाठल्यावरही कॅलिफोर्निया विद्यापीठात अहिंसेचा वर्ग घ्यायला सहकाऱ्यांसोबत उभे राहत. व्हँडरबिल्टने चूक मान्य करून २००६ साली त्यांना अध्यापक म्हणून परत बोलावलं. आता तिथे त्यांच्या नावाची संस्था आहे. २०२१ साली लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाने आपल्या कामगार केंद्राच्या इमारतीला त्यांचं नाव दिलं. इमारत मॅकआर्थर पार्कसमोर आहे. आसपासच्या गल्ल्यांत राहतात ते बहुतेक मध्य अमेरिकेतून आलेले रोजंदार, धुणीभांडी करणाऱ्या बाया आणि फेरीवाले.